वारसाच्या कामाचा पहिला फोन: पेडणे-डिचोलीतला हिशेब

"बाय, घोव गेलो माझो. घर-जमीन तेच्याच नावार आसा. पैशे किती लागतले?"

गोव्यातल्या पेडण्याच्या कोरगावहून आलेला हा फोन मी घेतला तेव्हा डिचोलीच्या एका वकिलांकडे कामाला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. साहेब कोर्टात होते. "काकी, साहेब आले की सांगतील," असं म्हणून मी फोन ठेवला. नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि नंबर लिहायला विसरले. तेव्हाच्या आमच्या लँडलाइनवर नंबर दिसत नसे. काकींचा फोन पुन्हा आला तो दीड महिन्याने. तोवर त्यांच्या दिराने फेरफारासाठी मामलेदार कार्यालयात अर्ज घातला होता आणि काकींना हरकतीसाठी धावपळ करावी लागली. नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईला मी एका नंबरापायी तो त्रास दिला. ते मी अजून विसरलेले नाही.

पुढे त्याच खुर्चीवर मी अकरा वर्षं काढली. आज ते काम करत नाही, पण ओळखीचे लोक अजून दोन प्रश्न घेऊन येतात. घरात कुणी वारलं की विचारतात, वकिलाला पहिला फोन करताना काय सांगायचं आणि खर्च किती येईल. आणि नव्याने ऑफिस थाटलेली वकील मुलं-मुली विचारतात, फोन घ्यायला माणूस ठेवणं परवडेल का. दोन्हींचं उत्तर मला एकाच ठिकाणी सापडतं. पहिल्या फोनवर काय लिहून घेतलं गेलं, यावर पुढचा बराचसा खर्च ठरतो. म्हणून हा हिशेब दोघांसाठी एकत्रच मांडते.

प्रोबेट की इन्व्हेंटरी

मुंबईला स्थायिक झालेल्या पेडणेकरांचा फोन आला की पहिलं वाक्य बहुधा असं असतं, "बाबांचं प्रोबेट करायचं आहे." सिनेमा, मालिका आणि मुंबईचे शेजारी यांच्याकडून हा शब्द आलेला असतो. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून प्रमाणित करून घेणं. गोव्यातल्या कुटुंबाच्या घर-जमिनीचं काम बहुतेक वेळा त्या वाटेने जात नाही. इथे 1867चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870पासून चालत आला आणि वारशापुरती त्याची जागा आता गोव्याच्या 2012च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याने घेतली आहे. तो लागू झाला 2016 साली.

या कायद्यात नेहमीच्या वाटा दोन. भांडण नसेल आणि फक्त वारस कोण एवढंच ठरवायचं असेल, तर तालुक्याच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात, तिथल्या विशेष नोटरीसमोर, वारसाचा दस्त होतो. वाटणी करून हवी असेल, किंवा एक जण सही द्यायला तयार नसेल, तर दिवाणी कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी. म्हातारी माणसं तिला अजून 'इन्व्हेंटार' म्हणतात. दस्ताचा आणि इन्व्हेंटरीचा खर्च, वेळ, सह्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यामुळे "किती लागतील" याचं उत्तर फोन उचलणाऱ्याने पहिल्या मिनिटाला दिलं, तर ते उत्तर अंदाजपंचेच असणार. काकींचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याच्या उत्तरासाठी लागणारी माहिती मी विचारायला हवी होती.

दुसरी गोष्ट इथल्या लग्नाची. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि निम्मा हिस्सा हयात जोडीदाराचा असतो. तो वारसा नव्हे, तो तिचा किंवा त्याचा स्वतःचाच अर्धा भाग. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. मृत्युपत्र असलं तरी मुलंबाळं असताना माणसाला आपल्या वाट्याच्या फक्त निम्म्याची मनाप्रमाणे विल्हेवाट लावता येते. आणि वारस मुलगी असो की मुलगा, त्यांच्या लग्नांनाही हाच नियम. म्हणून कागदावर जावई आणि सुना यांची नावंही लागतात. बाहेरून फोन करणारे नेमके हेच सांगत नाहीत. "आम्ही तिघं भावंडं," एवढंच सांगतात. जावई कुवेतला आहे हे सही करायच्या दिवशी कळतं, मग त्याचं मुखत्यारपत्र मागवा, तारीख पुढे ढकला, बाकीच्यांनी पुन्हा रजा काढा.

वहीचं एक पान

माझी वही साधी होती, दोनशे पानांची, डाव्या बाजूला समास आखलेली. एका कुटुंबाला एक पूर्ण पान, मग फोन दोन मिनिटांचा असो. समासात तारीख, वेळ आणि फोन करणाऱ्याचा नंबर. नंबर लिहून झाला की तो उलट वाचून दाखवायचा. दहा आकडे ऐकताना एखादा निसटतोच, विशेषतः चांदेल-हणखणेसारख्या आतल्या भागातून आवाज तुटत येत असेल तेव्हा.

त्यानंतर कहाणी ऐकायच्या आधी वारलेल्या माणसाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि वाडा. लोकांना हे कोरडं वाटतं. दुःख सांगायला फोन केलाय आणि ही बाई वाडा विचारते. पण कारण मोठं आहे. वकिलाने एकदा एका बाजूला सल्ला दिला की त्याच वादात दुसऱ्या बाजूचं काम त्याला घेता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. डिचोलीसारख्या गावात वकील मोजके. थोरल्या भावाने सोमवारी आपली बाजू सगळी सांगितली आणि गुरुवारी धाकट्याने त्याच ऑफिसात फोन केला, असं होतंच. आडनावावरून काही कळत नाही. नाईक, गावस, परब प्रत्येक वाड्यावर. म्हणून आधी नाव-गाव-वाडा जुन्या वह्यांत शोधायचं. दुसऱ्या बाजूचं काम आधीच आलेलं असेल तर, "भाऊ, आमच्याकडून हे काम होणार नाही, दुसरे वकील बघा," इतकंच म्हणायचं. का, ते सांगायचं नाही. 'तुमचा भाऊ येऊन गेला' हे सांगणंसुद्धा भावाचं गुपित फोडणं आहे.

मग मृत्यूची तारीख आणि ठिकाण, दाखला काढलाय का. जन्म-मृत्यू नोंदणीची मुदत 21 दिवसांची. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे एक वेगळंच काम आणि वेगळा खर्च. आजोबांच्या नावावरची जमीन असेल तर आजोबांचाही दाखला लागतो. बऱ्याच घरांत तो काढलेलाच नसतो.

मग लग्न: कधी, कुठे नोंदवलं, लग्नाआधी करार होता का. मुलं किती, त्यांतलं कुणी वारलं असेल तर त्याची मुलं कोण, प्रत्येकाचा जोडीदार कोण, आज कोण कुठे राहतं. मी इथे पानावर झाड काढायची. वर आई-वडील, खाली फांद्या. सांगणाऱ्यालाही मग सोपं जातं. "थांब हां, मधली आत्ये राहिली," असं आठवतं.

मृत्युपत्र केलं होतं का आणि कुठल्या सब-रजिस्ट्रारकडे. घर पंचायतीत कुणाच्या नावावर. जमिनीचा सर्व्हे नंबर एक-चौदाच्या (गोव्यातल्या सातबाऱ्याच्या) उताऱ्यावरून वाचून घ्यायचा, पोटहिश्शासह. उताऱ्यात कूळ म्हणून कुणाचं नाव आहे का, घर मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं, आहे का, तेही तिथेच विचारायचं. कुणाकडे पोर्तुगीज काळातला मॅट्रिझचा, म्हणजे महसुली नोंदीचा, कागद असतो. तो फोनवर वाचायला लावू नये. "कागद जपून ठेवा, फोटो नंतर घेऊ," म्हणावं. मये गावचा फोन असेल तर मी पानावर वरच 'मये' असं लिहून चौकट करायची, कारण तिथल्या जमिनींना स्थलांतरितांच्या मालमत्तेचा जुना इतिहास आहे आणि 2014 साली त्यासाठी वेगळा कायदा झाला आहे. नेहमीचा हिशेब तिथे चालत नाही.

पेडण्याच्या फोनांत आणखी एक प्रश्न लागतो. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा. सोयरीक दोन्हीकडे. माणूस जन्मला तोरशाला, नोकरी सावंतवाडीत, घर बांद्याला, भातशेती पेडण्यात. पलीकडे 1956चा हिंदू उत्तराधिकार कायदा, अलीकडे गोव्याचा. त्याला कुठला कायदा लागतो हे फोन घेणाऱ्याने सांगायचं नाही. जन्म कुठे, लग्न कुठे नोंदवलं, कायमचं राहणं कुठे, मालमत्ता कुठेकुठे, एवढं मात्र पक्कं लिहून घ्यायचं. गोव्याबाहेरचा फ्लॅटसुद्धा सांगायला लावायचा. मूळ गोंयकाराच्या मुंबईतल्या मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 13 सप्टेंबर 2019 रोजी कुतिन्हो विरुद्ध परेरा या खटल्यात दिला. तोवर कित्येक घरांनी गोव्याची वाटणी एका हिशेबाने आणि मुंबईची दुसऱ्या हिशेबाने करून टाकली होती.

शेवटचा प्रश्न: सरकारी किंवा कोर्टाचा एखादा कागद हाती पडलाय का? पडला असेल तर त्यावरची तारीख आणि तो हातात आला तो दिवस, दोन्ही लिहायच्या. दिवाणी दाव्याचं समन्स मिळाल्यावर उत्तराला 30 दिवस असतात, कोर्टाच्या परवानगीने फार तर 90. असा फोन आला की त्या पानाचा कोपरा मी दुमडून ठेवायची आणि साहेब कोर्टातून आले की चहाच्या आधी तेच पान पुढे करायची.

एवढं सगळं वीस मिनिटांत होतं. आजी-आजोबा बोलत असतील तर तीस. त्याहून कमी वेळात होत असेल तर काहीतरी सुटलंय, असं समजावं.

ऑफिसला काय पडतं

आता पैसे. वकिलाने स्वतः फोन घ्यायचं ठरवलं, तर तो फुकट आहे असं वाटतं, पण तसं नाही. धरा, ती वकील सल्ल्याला अर्ध्या तासाचे 1,000 रुपये घेते. मग वीस मिनिटांच्या फोनला तिच्या वेळाचे सुमारे 670 रुपये गेले. शिवाय सकाळी दहा ते पाच ती कोर्टात असते, म्हणजे फोन सुटणारच.

माणूस ठेवला तर? धरा, महिना 15,000 पगार, कामाचे 26 दिवस, दिवसाला बारा फोन. महिन्याला 312 फोन होतात आणि एका फोनला सुमारे 48 रुपये पडतात. पगार तुमच्या भागात कमी-जास्त असेल, आकडे बदलून बघा. अगदी निम्मेच फोन आले तरी एकाला 96. त्यात तोच माणूस फाइली लावतो, झेरॉक्स आणतो, तारखा लिहितो, ते वेगळंच. दोन तरुण वकिलांनी मिळून एक माणूस ठेवला तर प्रत्येकी 7,500. पण मग एकाचा अशील दुसऱ्याच्या अशिलाविरुद्ध उभा राहिला तर त्या एकाच माणसाच्या कानावर दोन्ही बाजू येतात. ही अडचण आधी बोलून घ्या. वह्या वेगळ्या ठेवा आणि एका वाडीतली, एका कुटुंबाची कामं दोघांनी घेऊच नका.

बाकी सामान थोडं आहे. ऑफिसचं म्हणून वेगळं सिमकार्ड घ्यावं, रिचार्ज महिन्याला दोनशे-तीनशे रुपयांत होतो. घरच्या नंबरावर अशिलांचे फोन घेऊ नयेत. वही शंभर-दीडशेची. व्हॉट्सअ‍ॅपचं व्यवसायाचं अ‍ॅप फुकट आहे. त्यात "आम्ही कोर्टात आहोत, साडेपाचनंतर फोन करू" असा आपोआप जाणारा मेसेज लावता येतो. तो मराठीत आणि कोंकणीत लावा. लॅपटॉपवर तक्ता ठेवणारे ठेवोत, पण फोन कानाला असताना हाताने लिहिलेलं अजून मला जास्त भरवशाचं वाटतं.

बाहेरच्या कंपनीकडे फोन वळवायची सोय आता मिळते. कुठल्यातरी शहरात बसलेली मुलगी तुमच्या ऑफिसच्या नावाने "नमस्कार" म्हणते आणि निरोप मेसेजने पाठवते. कंपनीने 2,000 रुपये महिना सांगितले तर नोंदणीकृत कंपनी त्यावर 18 टक्के जीएसटी लावेल, म्हणजे 2,360. पगारापुढे हे स्वस्त दिसतं. वारसाच्या कामाला मात्र मी ते सुचवणार नाही आणि कारणं पैशांची नाहीत. एक तर तिला लाटंबार्से आणि अडवलपाल कानावरून लिहिता येणार नाही, कूळ आणि मुंडकार यांतला फरक कळणार नाही, आणि पेडण्याची म्हातारी तिच्याशी मनातलं बोलणार नाही. दुसरं त्याहून महत्त्वाचं. वकिलाशी झालेलं बोलणं गुप्त राहतं आणि 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132ने हे बंधन वकिलाचे दुभाषे, कारकून आणि कर्मचारी यांनाही घातलं आहे. मी त्या खुर्चीवर बसले म्हणजे काकींचं गुपित माझ्याकडेही तितकंच जपलं जायला हवं. बाहेरच्या कंपनीचा माणूस या शब्दांत सरळ बसतो का, हा प्रश्न अशिलावर आपत्ती आल्यावर सोडवत बसू नये. कंपनी घ्यायचीच असेल तर तिने फक्त नाव, नंबर आणि "कधी फोन करू" एवढंच विचारावं, घरची कहाणी विचारूच नये.

आणि "एका अशिलामागे इतकं कमिशन" अशी योजना घेऊन कुणी आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. वकिलाला जाहिरात करून किंवा माणसं फिरवून काम मिळवायची बंदी बार कौन्सिलच्या नियम 36ने आहे. दलालांच्या याद्या लावायची आणि त्यांना शिक्षेची तरतूद 2023 साली वकील कायद्यात झाली. वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, पात्रता, कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. तेवढं पुरेसं असतं.

फोनवर काय बोलू नये

मोपाला विमानतळ येणार हे ठरलं आणि पेडण्यातल्या जमिनीकडे बाहेरच्यांचे डोळे लागले. गोव्यात खोट्या कागदांवर जमिनी लाटल्याची प्रकरणं इतकी वाढली, की 2022 साली गोवा सरकारने विशेष तपास पथक नेमलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग बसवला. ज्यांचे वारस परदेशी, ज्यांचे कागद पोर्तुगीजमधले, ज्यांचं घर बंद, अशाच मालमत्ता सोप्या सावज ठरतात. ही माहिती कुठून मिळते? कधी कधी फोनवरूनच.

माझ्या हातून एकदा झालं ते सांगते. एकाने फोन केला, "मी अमक्यांचा पुतण्या, काकांच्या इन्व्हेंटरीची तारीख कधी?" आवाज गोड, नाव बरोबर, गावही बरोबर. मी तारीख सांगितली आणि कुठले वारस अजून सही करायचे आहेत तेही बोलून गेले. तो पुतण्या नव्हता, जमीन घ्यायला टपलेल्या माणसाचा मध्यस्थ होता. आठवड्याभरात तो राहिलेल्या वारसाच्या दारात जाऊन कमी भावात हक्क लिहून मागत होता. सही झाली नाही हे त्या कुटुंबाचं नशीब. त्यानंतर नियम केला: येणाऱ्या फोनवर कुठल्याही कामाची माहिती द्यायची नाही. "तुमचा निरोप घेतला, फाइलीवर जो नंबर आहे त्यावर आम्ही फोन करतो." खऱ्या अशिलाला याचा राग येत नाही, समजावलं की बरं वाटतं.

ऑफिसने फोनवर ओटीपी, एटीएमचा नंबर, बँकेतली शिल्लक कधीच विचारू नये. आधार पाठवायचंच असेल तर आकडे झाकलेलं पाठवायला सांगावं, ते आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतं. फोन रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीलाच सांगा. आणि फोन घेणाऱ्याने "होईल हो काम," "घर तुम्हालाच मिळेल," असा धीर देऊ नये. दुःखातल्या माणसाला तो शब्द वकिलाचा वाटतो आणि त्याच्या भरवशावर तो घरच्यांशी भांडतो. धीर द्यायचा तर वेळ द्यावा, मध्ये तोडू नये, रडू आलं तर थांबावं.

तुम्हाला काय पडेल

आता फोन करणाऱ्यांसाठी. वकिलाची फी सरकारने ठरवलेली नाही. त्यामुळे विचारणं हाच मार्ग, आणि विचारण्यात संकोच नको. पहिल्या फोनला पैसे आहेत का? पहिल्या भेटीला किती? वारसाच्या दस्ताचे किती आणि काम इन्व्हेंटरीत गेलं तर टप्प्याटप्प्याने किती? फी वेगळी आणि खर्च वेगळा लिहून द्याल का? खर्च म्हणजे दाखल्यांच्या आणि उताऱ्यांच्या प्रती, मुद्रांक, नोंदणी, वर्तमानपत्रातली नोटीस, कोर्टाची फी, भाषांतर. यांतलं बरंचसं पावतीवर मिळतं, म्हणून पावत्या मागा. दोन-तीन ओळींचा का असेना, फीचा कागद सहीसह घ्या.

घरगुती वारसाच्या कामात वकिलाच्या फीवर जीएसटी तुमच्याकडून घेतला जात नाही, धंद्याचं काम नसेल तर ती सेवा करमुक्त आहे. बिलात तो दिसला तर विचारा. "जमीन सुटली की दहा टक्के द्या," असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. निकालावर अवलंबून फी घेणं किंवा मिळकतीत वाटा मागणं वकिलाला नियम 20ने मना आहे.

हे सगळं आधी लिहून घ्यायचं कारण असं. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निकाल दिला. म्हणजे फीवरून किंवा कामात हयगय झाली म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, तीही लेखी. तुमच्या हातात कागद असेल तरच ती उभी राहते.

पैसेच नसतील तर 15100 हा विधी सेवेचा नंबर फिरवा. 1987च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कोरगावच्या काकींना तो मिळाला असता. मला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. फोनशेजारच्या भिंतीवर हा नंबर मोठ्या अक्षरांत लावलेला असावा, अगदी खासगी वकिलाच्या ऑफिसातसुद्धा.

परदेशातल्यांनी वेळेचा हिशेब करून फोन करावा. गोव्यात संध्याकाळचे सहा, वकील कोर्टातून परतलेले, तेव्हा दुबई-मस्कतला साडेचार, कुवेत-कतारला साडेतीन, लंडन आणि लिस्बनला हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात दीड. अमिरातीतून व्हॉट्सअ‍ॅपवर बोलता येत नाही, पण मेसेज जातात. म्हणून आधी मेसेज करून वेळ ठरवा आणि मग साधा फोन लावा. मुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर कुवेतहून भारतीय दूतावासात किंवा दुबईहून वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून, पोर्तुगाल किंवा इंग्लंडमधून अ‍ॅपोस्टिल करून चालतं. ते भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. पण आधी वकिलाकडून मसुदा मागवा. स्वतः लिहून पाठवलेल्या मुखत्यारपत्रात सर्व्हे नंबर राहिला म्हणून ते पुन्हा करावं लागलेलं मी कितीदा पाहिलं आहे. एका नंबरासाठी सुट्टी, दूतावासाची फी आणि कुरिअर, सगळं दुप्पट.

दीड महिन्याने काकींचा फोन आला तेव्हा मी नंबर आधी लिहिला. मग वाडा, दाखला, लग्नाचं साल. लग्नाचं साल त्यांना आठवेना. "थोरलो जाला त्याच्या आदल्या वर्सा," म्हणाल्या. थोरल्याचा जन्मदाखला शोधायला सांगितलं. दोन सुनांची नावं, एका जावयाचं. बुधवारी त्या कोरगावहून बस बदलून आल्या. मीठ-मसाल्याच्या दुकानातली प्लास्टिकची पिशवी, तीत दाखला, एक-चौदाचा उतारा, थोरल्याचा जन्मदाखला, आणि लग्नाच्या नोंदीची घडी पडलेली, कडांना पिवळी झालेली प्रत. मी काहीही पुन्हा विचारलं नाही, पान साहेबांसमोर ठेवलं. पन्नास मिनिटांत त्यांनी फेरफाराला हरकत लिहिली, पुढे वारसाचा दस्त होईल असं सांगितलं आणि फीचा आकडा एका कागदावर लिहून सही करून काकींच्या हातात दिला. काकींनी तो पदराच्या गाठीत बांधला, मग गाठ सोडून मला पुन्हा एकदा वाचून दाखवायला सांगितला.